आमची मते आणि आमचे स्नेही

व्यापाऱ्याने दुकानात माल ठेवावा, मत ठेवू नये, असे आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांचे ठाम मत आहे. हे मत त्यांनी स्वतः मात्र गेली कित्येक वर्षे जपून ठेवले असून, गिऱ्हाईक असो वा नसो, ते नित्य बाहेर मांडलेले असते. त्यांचा युक्तिवाद असा की, माल न खपला तर परत करता येतो, बोललेले मत परत करता येत नाही. मालावर नफा मिळतो, मतावर केवळ वैर मिळते. आणि पेढीवर बसून मते बोलणाऱ्या माणसाच्या हातून तागडीची दांडी हलते. या शेवटच्या वाक्याने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. परंतु मागाहून ध्यानात आले की, त्यांच्या दुकानात दांडीची तागडी राहिलेलीच नाही. विजेवर चालणारा काटा आहे, आणि तो मालकाच्या मतांनी हलत नाही.

हे सांगण्याचे कारण असे. गतवर्षी आपल्या संघाच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव आला होता. सर्व सभासदांनी एकाच दिवसापासून घरगुती गिऱ्हाइकांची उधारी बंद करावी व तशी पाटी दुकानाच्या दर्शनी भागी लावावी, असा त्याचा आशय. आम्ही त्या ठरावाविरुद्ध बोललो. ठराव त्या दिवशी पुढे ढकलला गेला तो आमच्या वक्तृत्वामुळे नव्हे, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ झाली म्हणून. परंतु तेव्हापासून आमचे स्नेही आम्हांस बस्तीत, बाजारात, लग्नमंडपात, जेथे सापडू तेथे गाठून समज देत आहेत. वर्षभरात आमच्या नावावर जितके आक्षेप जमा झाले तितके रुपये जमा झाले असते, तर उधारीचा प्रश्नच उरला नसता. दुकान सांभाळून प्रत्येकास वेगळे उत्तर देणे शक्य नाही. म्हणून संपादकांनी दिलेल्या या पानांवर एकदाच हिशेब करतो.

प्रथम आमचे मत काय होते ते सांगितले पाहिजे, कारण बाजारात फिरता फिरता ते आम्हांसही ओळखू येईनासे झाले आहे. आम्ही म्हटले होते ते इतकेच: ओळखीच्या घराला महिन्याचे वाणसामान उधार द्यावे, त्यास मर्यादा असावी, व्याज नसावे, मागची बाकी फिटल्याखेरीज पुढचा महिना उघडू नये, आणि द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, संघाने सर्वांच्या दारावर एकच पाटी ठोकू नये. हे मत गणपत गल्लीत पोहोचले तेव्हा त्यातील मर्यादा गळाली होती. रविवार पेठेत पोहोचले तेव्हा ओळखीचे घर गळाले होते. मार्केट यार्डात गेले तोवर, 'अण्णा म्हणतात, येईल त्याला मागेल ते फुकट द्या,' असे त्याचे स्वरूप झाले; आणि निपाणीच्या एका स्नेह्यांनी तर दूरध्वनीवरून, तूरडाळीची किती पोती पाठविता, अशी आस्थेने चौकशी केली.

आपले पूर्वज या बाबतीत आमच्याहून सावध होते. हुंडी लिहिताना रक्कम एकदा लिहून ते थांबत नसत. हजाराची हुंडी असेल तर अंकी हजार, अक्षरी हजार, आणि वर 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे' अशी बेडी घालीत. म्हणजे वाटेत कोणी एखादे शून्य वाढविले तर त्याला निम्म्याशीही गाठ घालावी लागे. शाहजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती पडायचे. हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहीत, पेठही गहाळ झाली तर परपेठ. १८८१ साली परक्राम्य संलेखांचा कायदा झाला तेव्हा सरकारनेही देशी भाषांतील अशा कागदांच्या स्थानिक चालीरीतींना हात लावला नाही. मतांसाठी अशी काही सोय असती तर आम्हीही सभेत म्हणालो असतो: उधारी द्यावी, निमे ओळख पाहून, निमे मर्यादा पाहून, मिळून पुरे.

आमच्या एका शास्त्राभ्यासी स्नेह्यांचा आक्षेप अधिक उंचीवरून आला. ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही अनेकान्त मानता ना? मग आमचेही म्हणणे खरे आहे हे मान्य करा, आणि सभेत स्वस्थ बसा." अनेकान्ताचा हा उपयोग आम्हांस नवीन होता. त्यांच्याच न्यायाने त्यांनीही आमचे म्हणणे खरे मानून स्वस्थ बसावयास हवे. दोघेही स्वस्थ बसलो की ठराव बिनविरोध मंजूर होतो, ही गोष्ट त्यांच्या लक्षात होती. सुदैवाने आमच्याही वेळेत लक्षात आली. स्यात् म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'अमुक एका अपेक्षेने', हे त्यांनीच आम्हांस पूर्वी पर्युषणाच्या व्याख्यानात शिकविले आहे. अपेक्षा सांगायची म्हणजे तोंड उघडावेच लागते.

आणि नयांचाच दाखला हवा असेल, तर पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत नैगमनयाचे जे उदाहरण दिले आहे ते कोणाही व्यापाऱ्याने विसरू नये असे आहे. एक मनुष्य कुऱ्हाड घेऊन निघाला आहे. कशासाठी जातोस, असे विचारता तो म्हणतो, प्रस्थ आणायला. प्रस्थ म्हणजे धान्य मोजण्याचे माप. अद्याप लाकूडदेखील तोडलेले नाही. पण त्याच्या संकल्पात माप तयार आहे. याउलट ऋजुसूत्रनयाला चालू क्षणापलीकडचे काही दिसत नाही. आता असे पाहा की, रोखीचा व्यापारी हा शुद्ध ऋजुसूत्री. गिऱ्हाइकाच्या हातात या क्षणी पैसा आहे काय, एवढेच तो पाहतो. उधारीचा व्यापारी नैगमाने चालतो. पगार व्हायचा आहे, ऊस कारखान्यात जायचा आहे, तरी तो मनात जमेस धरतो. दोन्ही नयच आहेत. मात्र एकाने दुसऱ्यास खोटे ठरविले की त्याचा दुर्नय होतो, आणि संघाच्या ठरावाने नेमके तेच होणार होते.

यावर शास्त्रीबुवा हसले आणि त्यांनी मर्मावर बोट ठेविले. "मग तुमच्या वसुलीत सप्तभंगी का ऐकू येते?" हे नाकारण्यात अर्थ नाही. वसुलीस गेलेल्या माणसास सातही भंग एका गल्लीत ऐकावयास मिळतात. पहिल्या दारी, पैसे आहेत की, कुठे पळून जातात! दुसऱ्या दारी, आज नाहीत. तिसऱ्या दारी, आहेत, पण घरात नाहीत. चौथ्या दारी, काय सांगू अण्णा, सांगण्यासारखे नाही. पाचव्या दारी, आहेत, पण हाती कधी येतील ते सांगवत नाही. सहाव्या दारी, नाहीत, आणि का नाहीत तेही सांगवत नाही. सातव्या दारी, आहेत म्हटले तर आहेत, नाहीत म्हटले तर नाहीत, आणि याहून अधिक आम्हांस विचारू नका. भंग सातच संभवतात, आठवा संभवत नाही, असे शास्त्र सांगते. शास्त्राविषयी पूर्ण आदर राखून आम्ही नम्रपणे नोंदवितो की, आमच्या वसुलीच्या पोऱ्याने आठवा ऐकला आहे: "साहेब घरी नाहीत," असे खुद्द साहेबांच्याच आवाजात.

परतफेड म्हणून आम्ही शास्त्रीबुवांस एक शंका विचारली, तिचे उत्तर अद्याप आलेले नाही. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आपल्या कित्येक सभासदांच्या गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीखालीच टांगलेली असते. मालकाचा उद्याही उधार देण्याचा विचार नाही, हे मालकास ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकासही ठाऊक आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे. ही पाटी त्यात बसते काय? आम्ही उधारी देतो म्हणून भोळे ठरलो. निदान आमच्या भिंतीवर जे लिहिले आहे ते दुसऱ्या दिवशी खोटे ठरत नाही.

'उधार नेलेले परत येत नाही, मनुष्यस्वभावच तसा,' असे म्हणणारे स्नेही संख्येने सर्वांत अधिक आहेत. त्यांस आम्ही बनारसीदासांकडे पाठवितो. जौनपूरला १५८६ साली जन्मलेल्या या श्रावक व्यापाऱ्याने १६४१ साली आग्र्यास 'अर्धकथानक' हे आपले आत्मचरित्र पद्यात लिहिले, आणि त्यात आपल्या व्यापारातील ठोकरी लपवून ठेविल्या नाहीत. आग्र्यास त्यांचे सर्व गेले, तेव्हा ते रात्री घरी पोथ्या वाचीत आणि दहावीस माणसे ऐकावयास जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदास रोज उधार कचोऱ्या नेत. एके दिवशी त्यांनी त्यास एकीकडे घेऊन, माझ्यापाशी काही नाही, तू जपून दे, असे स्वतःच सांगितले. कचोरीवाल्याने उत्तर दिले ते आपल्या संघाच्या कचेरीत लावण्यासारखे आहे: वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी तुम्हांस विचारणार नाही. सहासात महिने हे चालले. पुढे हाती पैसा आल्यावर हिशेब झाला तो चौदा रुपये, आणि ते चुकते झाले.

या कचोरीवाल्याचे नाव कोणास ठाऊक नाही. परंतु आमच्या पक्षाचे सारे मुद्दे त्याच्या व्यवहारात आहेत. ओळख होती, वीस रुपयांची मर्यादा होती, व्याज नव्हते, आणि घेणाऱ्याने आपली स्थिती झाकली नव्हती. त्याने 'आज रोख' अशी पाटी लावली असती, तर त्याचे चौदा रुपये कदाचित वाचले असते. बनारसीदास मात्र उपाशी राहिले असते. आणि हे गृहस्थ पुढे समयसाराचे हिंदी पद्यनाटक करून ठेवणारे निघाले, जे आज घरोघरी वाचले जाते.

आमचे इतिहासप्रेमी स्नेही एवढ्याने ऐकणारे नव्हेत. त्यांनी १८७५ साल आमच्या अंगावर टाकले. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली, खतपत्रे व वह्या जाळल्या, आणि तो वणवा पुणे व नगर या दोन जिल्ह्यांत पसरला. "उधारीने माणूस बुडतो आणि मग देणाऱ्यालाही बुडवतो," असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप आम्ही थट्टेवारी नेणार नाही. सुप्याचे कित्येक सावकार दुकानदारही होते आणि जळाल्या त्या वह्या आपल्यासारख्यांच्याच होत्या. परंतु शेतकरी भडकला होता तो व्याजावर व्याज चढविणाऱ्या, त्याला वाचता न येणाऱ्या कागदावर. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने त्यावर जे उपाय केले, त्यांत सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, आणि न्यायालयाने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, अशा गोष्टी होत्या. म्हणजे कायद्यानेही उधारी मोडली नाही. तिचा हिशेब घेणाऱ्याच्याही हाती दिला. आमच्या दुकानात प्रत्येक खातेदार घराची एक छोटी वही असते, ती त्या घरात राहते. मुलगा सामानाला येताना ती घेऊन येतो, आम्ही तीत लिहितो आणि आमच्या खतावणीत लिहितो. दोहोंत फरक पडला तर घरची वही खरी, असा आमच्या वडिलांपासूनचा परिपाठ आहे.

आता तरुण स्नेही. हे आमच्यावर रागावत नाहीत, आमची कीव करतात. त्यांच्या मते उधारी हा मागासलेपणा असून आता सर्व व्यवहार मोबाईलवर तत्क्षणी होतो. २०१६ पासून यूपीआय आले, त्याची सोय आम्हांसही मान्य आहे. आमच्या गल्ल्यावरही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटविलेला आहे. पण याच तरुणांच्या मोबाईलमध्ये 'आत्ता घ्या, नंतर द्या' अशी एक सोय असते, ती त्यांनी आम्हांस मोठ्या अभिमानाने दाखविली. आम्ही चष्मा लावून वाचले. ती उधारी होती! आमच्या फळीवर असताना जी मागासलेली होती, ती काचेमागे जाताच सुधारलेली झाली. फरक इतकाच की, तेथे मुदत चुकली की दंड आपोआप चढतो, आणि घरात कोणी आजारी असल्याचे त्या काचेस सांगता येत नाही.

शिवाय आपण सारे स्वतः कशावर उभे आहोत? आपल्यापैकी किती जण घाऊक व्यापाऱ्यास गाडी उतरताच रोख मोजतात? २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याने त्या उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे अडवू नयेत असे सांगितले. २०१७ च्या जीएसटी कायद्याने पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत न दिल्यास घेतलेली कराची वजावट परत करावयास लावली. ज्या अर्थी मुदती घालाव्या लागल्या, त्या अर्थी व्यापारी मंडळी उधारीवर जगतात हे सरकारास ठाऊक आहे. मग वरून आलेली उधारी ती पत आणि खाली दिलेली ती भोळसटपणा, हे गणित आम्हांस सुटत नाही. ज्या सभेत उधारी बंदीचा ठराव आला तिचा चहा व पोहे समोरच्या हॉटेलातून आले होते, आणि ते संघाच्या खात्यावर लिहिले गेले, हे आम्ही अनुमोदकांच्या माहितीसाठी येथे नमूद करतो.

या सीमाभागात गेल्या काही वर्षांत तीन प्रसंग आले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि तिच्या उपनद्यांच्या पुराने बेळगाव, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. २५ मार्च २०२० पासून सारा देश घरात कोंडला गेला. तिन्ही वेळा लोकांच्या हाती पैसा नव्हता आणि तिन्ही वेळा चुली पेटत्या राहिल्या, त्यांतील बऱ्याचशा वाण्याच्या वहीवर. मराठीत उधारी म्हणा, कन्नडात उद्री म्हणा. त्या महिन्यांत या शब्दावरून भाषेचा वाद झाल्याचे आमच्या कानी नाही. आज जे स्नेही आम्हांस बोल लावतात, त्यांपैकी कित्येकांनी त्या दिवसांत आमच्याहून अधिक माल उधार दिला, आणि ते त्याविषयी कोठे बोलत नाहीत. त्यांचे आचरण त्यांच्या मतांहून फार चांगले आहे.

एका स्नेह्यांच्या आक्षेपास मात्र आम्हांस हसून उत्तर देता आले नाही. त्यांचे दुकान येणे थकल्यामुळे बंद झाले. ते आम्हांस म्हणाले, "अण्णा, तुमच्या भाषणाला टाळ्या पडल्या, माझ्या दुकानाला कुलूप पडले." आम्ही त्यांच्या घरी गेलो, आणि त्यांनी आपण होऊन खतावणी पुढे ठेविली. आम्ही दोघांनी दोन दुपारी पाने उलटली. घरगुती खात्यांत थकबाकी होती, पण किरकोळ. विधवा बाई, नोकरी सुटलेला कारकून, अशी ती नावे. दुकान बुडाले होते ते एका मोठ्या पार्टीने. तिला मर्यादा नव्हती, तिच्यापाशी वही नव्हती, आणि मागणे काढले की पुढची मोठी ऑर्डर दाखविली जाई. पैशाच्या दाव्याची तीन वर्षांची मुदतही अशा गोड बोलण्यात निघून गेली. थकलेल्या रकमेची लेखी कबुली मुदतीत सहीनिशी घेतली असती तर मुदत नव्याने सुरू झाली असती, पण मोठ्या माणसाकडे सही मागणे आमच्या स्नेह्यांस अपमानाचे वाटले. संघाचा ठराव त्या दिवशी अस्तित्वात असता तरी त्यांचे दुकान वाचले नसते. ठरावात घरगुती गिऱ्हाईक होते, मोठी पार्टी नव्हती. हे आम्ही त्यांस बोललो नाही. त्यांनीच वही मिटताना म्हटले, "त्या बायकांची नावे खोडून टाका." आम्ही खोडली. मोठ्या पार्टीचे नाव तसेच आहे.

उरलेल्या आक्षेपांचा निकाल थोडक्यात. आमच्या गूळ घातलेल्या चहाविषयी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी साखरेचा चहा आपापल्या घरी प्यावा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव बेळगावी असताना आम्ही बेळगाव का लिहितो, असे हुबळीच्या स्नेह्यांनी विचारले आहे. बिलावर आम्ही बेळगावीच छापतो, तोंडात जुने नाणे चालते. आणि आमचे अक्षर लागत नाही म्हणून खतावणी संगणकावर घ्यावी, असे आमच्या मुलाचे म्हणणे आहे. तो आक्षेप स्नेह्यांचा नसल्यामुळे या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

तो ठराव येत्या सभेत पुन्हा येणार असे ऐकतो. आमचा हात पूर्वीप्रमाणेच विरुद्ध वर होईल. मात्र ठरावात 'घरगुती गिऱ्हाईक' हे शब्द काढून 'मर्यादा व लेखी कबुली नसलेली मोठी खाती' असे कोणी घालीत असेल, तर अनुमोदन आम्ही देऊ. ज्या स्नेह्यांचे आक्षेप या अंकात घेता आले नाहीत, त्यांनी दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसते त्या वेळी, दुकानी यावे. छपाईनंतर येणारे आक्षेप पुढील वर्षाच्या चोपडीत ओढून घेण्यात येतील. त्यांवर व्याज आकारले जाणार नाही.